कुंपणाबाहेरची रांग

"खुर्ची घेतलीस तर मी तिच्यावर बसणार नाही, आधीच सांगून ठेवते," असं गार्नेट आत्या गाडीत चढतानाच म्हणाली होती. ट्विलाने तरीही घडीची खुर्ची मागे टाकलीच. आत्याची ऐंशी कधीच उलटली होती, गुडघे कुरकुरत होते आणि हट्ट मात्र होता तसाच ठणठणीत. असल्या बाईशी वाद घालायचा नसतो. तिचं ऐकल्यासारखं करायचं आणि आपल्याला हवं ते करायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात एकामागून एक मुख्याध्यापकांना पुरून उरताना ट्विला एवढं तरी शिकली होती.

कबरी सजवायच्या, डेकोरेशनच्या रविवारापुढे एस्टेपांच्या कुळात नाताळही फिका. मे संपत आला की ओहायोच्या कारखान्यांत गेलेले, कॅरोलायनात लग्न करून राहिलेले, एकमेकांशी वर्षभर अबोला धरलेले, सगळे खोऱ्यात परत यायचे आणि टेकडीवरच्या कबरस्तानात चढायचे. पुरुष गवत कापायचे, कबरींवर माती ओढून उंचवटे नीट करायचे. बायका हिवाळाभर बसून केलेली, मेणात बुडवलेली कागदी फुलं मांडायच्या. मग तिथेच चादरी अंथरून जेवण. पण जेवणाआधी नावं.

घरातल्या सर्वांत थोरल्या बाईने एकेका कबरीपाशी थांबून नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी ते मागून म्हणायचं. मोठ्या माणसांच्या शिळांवर अक्षरं कोरलेली होती, तिथे एक वेळ विसरलं तरी चालण्यासारखं होतं. खरी गरज होती ती पोरांच्या रांगेत. पॉप्लरच्या झाडापासून सुरू होणारी नऊ तान्ह्या पोरांची रांग. खाणीत राबणाऱ्या बापाला शिळा कुठून परवडणार? तो ओढ्यात उतरायचा, छातीशी धरून नेता येईल असा एक दगड निवडायचा आणि पोराच्या उशाशी उभा करायचा. त्यावर काही लिहायचं नाही. नाव बायांच्या तोंडी राहायचं. आजीकडून ते गार्नेट आत्याकडे आलं होतं आणि आत्यानंतर ट्विलाकडे यायचं होतं. हे कोणी कधी बसून ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं.

त्या दिवशी आत्या पुढे होती. कडेवर जुना पत्र्याचा टब, टबात फुलांचे नऊ गुच्छ. कुंपणाच्या आतल्या शिळांकडे न बघता ती नेहमीप्रमाणे आधी पॉप्लरकडे वळली आणि थांबली.

पॉप्लर होता. कुंपण होतं. मध्ये सपाट केलेली, खडी पसरलेली मोकळी जागा होती आणि एक पिवळी पाटी. पाटीवर एटीव्हीचं, डोंगरात हाकायच्या उघड्या चारचाकीचं चित्र. गाड्या बाजूला घ्यायची जागा.

"वाट चुकलो का आपण?" आत्याने विचारलं.

 ह्या आत्याला खोऱ्यातलं एकेक झाड नावाने ठाऊक होतं आणि ती वाट चुकलो का म्हणून विचारत होती.

"नाही आत्या. हीच जागा."

"मग पोरं कुठं आहेत?"

बाकीचे मागून धापा टाकत पोचले. ओहायोचा हॉबर्ट, ट्विलाचा चुलतभाऊ, गवत कापायचं यंत्र खाली टेकवून भडकलाच. "हे त्या गाडीवाल्यांचं काम. शेकोटीभोवती मांडायला दगड लागतात ना त्यांना. यायचं, बिअर ढोसायची, दुसऱ्याचा डोंगर तुडवायचा आणि जायचं."

"पावसाने वाहून गेले असतील," ट्विलाची भावजय विल्डा म्हणाली. केळ्याच्या पुडिंगचं भांडं तिने छातीशी धरलं होतं.

"टेकडीवर पूर आला होता का, विल्डा?" ट्विला म्हणाली. "आणि पुराने जाता जाता खडी पसरली, पाटी रोवली?"

 विल्डाचा नवरा फेरेल, ट्विलाचा थोरला भाऊ, सगळ्यांच्या मागे उभा होता. एरवी फेरेल असा मागे राहणारा माणूस नव्हता. डोंगरातल्या गाडीवाटांच्या ट्रेल मंडळात बसायला लागल्यापासून तर तो शेजाऱ्याच्या बारशालाही भाषण ठोकायचा. आज तो कोंबडीच्या भांड्यावरचा कागद पुन्हा पुन्हा चापूनचोपून बसवत होता. ट्विलाने ते पाहिलं आणि तिला आवडलं नाही.

एवढ्यात वरच्या बाजूने कोल्बी आला. ट्विलाचा मुलगा. ट्रेलच्या कामावर असलेल्यांचं नारिंगी जाकीट अंगात, कारण त्याच दिवशी वरच्या व्ह्यू पॉइंटचं उद्घाटन होतं आणि तो जेवणापुरती सुट्टी काढून आला होता. ह्या कामामुळेच तर तो परत आला होता. खाणी मिटल्या, शाळा मिटली, किराण्याचं दुकान मिटलं. मग डोंगरातून एटीव्हीच्या वाटा काढल्या आणि गावात पुन्हा माणूस दिसू लागला, खानावळीचं दार उघडलं, फेरेलने भाड्याच्या कॅबिन बांधल्या. मुलगा घरी आला म्हणून ट्विलाने रोज संध्याकाळी त्या ट्रेलला दुवा दिला होता. खोटं कशाला बोला?

कोल्बीने आत्याला खडीत उभं पाहिलं. टब पाहिला. फुलं पाहिली. 

"आई," तो हळूच म्हणाला, "इथले ते दगड काय होते?"

ट्विलाने आत्याच्या टबातल्या गुच्छांकडे बोट केलं.

"मीच काढले ते," कोल्बी म्हणाला. "मार्चमध्ये. गोल, गुळगुळीत, ओढ्यातले दगड. इतक्या वर कसे आले असं वाटलं होतं मला. म्हटलं, जुन्या एखाद्या चुलीचे असतील."

"चुलीचे," हॉबर्ट ओरडला. "अरे, तुझ्या आईच्या भावाचं थडगं तू..."

"त्याला कुठून माहीत असणार?" ट्विला मध्ये पडली. "घटस्फोटात ही सुट्टी त्याच्या बापाच्या वाट्याला गेली होती. एका तरी डेकोरेशनला बघितलंस का तू त्याला इथे?"

"म्हणजे तू त्याला पाठीशी घालणार."

"मी विचारणार. घालायचं कुठे ते मग बघू." ती मुलाकडे वळली. "कोल्बी, ही जागा साफ करायला तुला कोणी सांगितलं?"

कोल्बीने मान वर केली नाही. पण नजर गेली ती मागे, कोंबडीच्या भांड्याकडे.

"फेरेल मामा म्हणाले, कुंपणापर्यंत सगळं घे. बाहेर काही नाही."

सगळी डोकी फिरली. फेरेलने भांडं खाली ठेवलं, आणि ते ठेवता ठेवताच त्याचा सभेतला आवाज परत आला.

"हे बघा, नीट ऐकून घ्या. नकाशावर कबरस्तान म्हणजे कुंपण. कुंपण मी घातलेलं नाही, कंपनीने घातलंय. मंडळाने लेखी विचारलं, कुंपणाबाहेर काही आहे का? आहे म्हटलं असतं तर मोजणीवाले आले असते, हाडांचे तज्ज्ञ आले असते, वर्ष गेलं असतं. आणि ट्रेल पलीकडच्या डोंगरावरून शेजारच्या काउंटीत गेला असता. मग काय केलं असतं तुम्ही? मेलेल्यांना कवटाळून जिवंतांना उपाशी ठेवलं असतं?"

"एकच शब्द बोलायचा होता तुला," ट्विला म्हणाली. "आहे. इतकाच."

"तुझ्या मुलाला नोकरी लागली तेव्हा गोड वाटलं ना?"

"वाटलं. म्हणून त्याच्याच हातून उपटून घेतलंस? दुसरा कोणी मिळाला नाही तुला सगळ्या काउंटीत?"

 उत्तर विल्डाने दिलं. "तावातावाने बोलायला काय जातंय, ट्विला? इथे किती जणांच्या घरात ट्रेलचं मीठ आहे, विचार की. हॉबर्टचा जावई खानावळीत आहे. आपली केंड्रा आमच्या कॅबिनच्या चादरी धुते. उद्या मंडळ चिडलं आणि वाट वळवली तर?"

आणि मग ट्विलाने आपलं कूळ डोळ्यांदेखत फुटताना पाहिलं. मघापासून तणतणणारा हॉबर्ट एकदम यंत्रातलं तेल तपासू लागला. कॅरोलायनाची मंडळी मुलांना हाका मारू लागली. कोणीतरी म्हणालं, दगडच ते, दुसरे आणून लावू की. कोणीतरी म्हणालं, एक छानशी संगमरवरी पाटी करू, सगळ्यांची मिळून. ट्विलाला वाटलं, हातातली घेवड्याची भाजी एकेकाच्या डोक्यावर ओतावी. ज्याच्या घरात दमडी आली होती त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि ज्याच्या घरात आली नव्हती त्याला परतीची घाई होती.

कुंपण घातलं गेलं त्या वर्षाची तिला आठवण झाली. कंपनीने टेकडीवरचं लाकूड तोडलं आणि उपकार म्हणून जाळी ठोकली. अक्षरं असलेले दगड आत, नसलेले बाहेर. आत्या कंपनीच्या माणसासमोर आडवी उभी राहिली होती. तो म्हणाला होता, "बाई, जाळी संपली." आज संपलं होतं ते जाळीहून महाग होतं, आणि संपवणारा घरचाच होता.

 आत्याने कोल्बीच्या बाहीला धरलं.

"दगड कुठं आहेत, पोरा?"

"वर. व्ह्यू पॉइंटला. लोकांना बसायला कठडा रचलाय त्यांचा." "चांगले दिसले म्हणून वापरले, आजी. एकाला पांढरा पट्टा आहे. तो सगळ्यांत वर बसवलाय. लोक त्याच्यावर बसून फोटो काढतात."

आत्याने डोळे मिटले. ती आता खाली बसते की काय म्हणून ट्विलाने खुर्ची उघडायला घेतली. पण आत्याने टब दुसऱ्या कडेवर घेतला.

"चला मग," ती म्हणाली. "नावं तिथं घेऊ."

"आणि जेवण?" विल्डाने विचारलं.

"जेवण पळून जात नाही. पोरं पळवली गेली आहेत."

व्ह्यू पॉइंटला रंगीत पताका लावल्या होत्या. धुळीने माखलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि मंडळाचा संचालक प्रुएट, नवेकोरे बूट घालून, माइक फुंकून बघत होता. खाली तीन खोरी निळी निळी पसरली होती. जागा सुंदर होती, हे ट्विलाला कबूल करावंच लागलं आणि त्यामुळे तिचा संताप आणखी वाढला. कठडाही सुंदर होता. तिच्या मुलाचा हात चांगला होता. सिमेंट न घालता त्याने दगडात दगड असे बसवले होते की सुरी जाऊ नये.

पांढऱ्या पट्ट्याच्या दगडावर हेल्मेट घातलेली एक तरुण मुलगी बसून चिप्स खात होती.

"बाळ, जरा उठतेस?" आत्या म्हणाली.

मुलगी सॉरी म्हणत उठली. आत्याने रुमालाने दगड पुसला. तिचा हात पट्ट्यावरून इकडून तिकडे गेला.

"आमच्या पोरीसाठी व्हर्लिनने हा रात्रपाळीहून येताना उचलला होता," ती कोणाला उद्देशून नव्हे, अशीच बोलली. "मी म्हटलं, एवढा जड कशाला? तर म्हणाला, पट्टा आहे, तुला अंधारातही सापडेल." तिने पहिला गुच्छ ठेवला. "ओपल जीन."

"ओपल जीन," ट्विलाने मागून म्हटलं. तिच्या मागून कोल्बीनेही म्हटलं. बाकी सगळे गप्प होते.

हेल्मेटवाली मुलगी चिप्सची पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली. "हे काय आहे?" तिने हळूच कोल्बीला विचारलं. कोल्बीने सांगितलं. ती ज्या जागेवर बसली होती तिथे तिने पुन्हा एकदा पाहिलं आणि हेल्मेट काढलं.

प्रुएट लगबगीने आला. "आजीबाई, भावना समजतात, पण आमचा कार्यक्रम आता... फेरेल, ही मंडळी तुमची ना?"

"आमचीच," ट्विला म्हणाली. "सगळीच. ज्यांच्यावर तुमचे पाहुणे बसलेत तीसुद्धा."

"काहीतरी गैरसमज झालाय. कुंपणाबाहेर काही नाही, असं आम्हाला घरच्याच माणसाने सांगितलंय."

आत्या कठड्याच्या कडेने सरकत होती. चपटा दगड, "लूथर." तांबूस दगड, "आयवा मे." एकेक गुच्छ टबातून निघत होता. कुठला दगड कोणाचा, हे ओळखायला तिला क्षणभरही लागत नव्हता. मग एका करड्या, बुटक्या दगडापाशी ती थांबली.

"हा मला आठवत नाही," ती म्हणाली.

ट्विला चमकली. आत्याला आठवत नाही, हे शक्यच नव्हतं. त्या दगडाचं नाव तर ट्विलालाही झोपेत घेता आलं असतं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने तिच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

"फेरेल," आत्याने हाक मारली. "इकडे ये. म्हातारी विसरली बघ. हा कोणाचा?"

फेरेल जागचा हलला नाही. प्रुएट त्याच्याकडे बघत होता. विल्डाने त्याची बाही पकडली आणि पुटपुटली, "काही बोलू नकोस. सही आहे तुझी त्या कागदावर."

"लहानपणी तू ह्याच्यापुढे गोट्या ठेवायचास," आत्या म्हणाली. "खेळायला ये म्हणायचास. आठवतं का काही? की हाही कुंपणाबाहेरचाच म्हणून सोडून द्यायचा?"

दूर कुठेतरी एक इंजिन घरघरत होतं. कोणीतरी ते बंद केलं. फेरेलने टोपी काढली. सहा फुटांचा तो माणूस ट्विलाला एकाएकी अगदी तिच्या बापासारखा दिसला, आणि त्या घटकेला तिला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"मेरिल," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही रे."

"मेरिल एस्टेप. माझा जुळा भाऊ." तो प्रुएटकडे वळला. "तुमच्या कागदावर मी खोटं लिहून दिलं. बाहेर नऊ जण होते. मला माहीत होतं."

प्रुएटच्या हातातला माइक चालूच होता. फेरेलचं शेवटचं वाक्य पताकांखालून सगळ्या डोंगरावर गेलं. विल्डाने पुडिंगचं भांडं कठड्यावर ठेवायला म्हणून हात पुढे केला आणि दगडाला लागायच्या आत मागे घेतला.

"फेरेल, आपण हे कार्यालयात बसून बोलू," प्रुएट म्हणाला. "आज नको. कठड्याला हात लावता येणार नाही, ती मंडळाची मालमत्ता आहे."

"कोल्बी," ट्विला म्हणाली, "तूच रचलास ना?"

"मीच."

"मग उतरव."

कोल्बीने नारिंगी जाकीट काढलं, घडी केली आणि प्रुएटच्या हातात दिलं. नोकरी गेली, हे ट्विलाला तिथेच कळलं. मग त्याने वरचा दगड असा उचलला, जणू त्याला खालून हाताचा आधार लागतो. तो त्याने आत्याच्या नव्हे, ट्विलाच्या कुशीत दिला. दुसऱ्यासाठी हॉबर्ट पुढे आला, मान खाली घालून. तिसरा केंड्राने घेतला. विल्डा तिला म्हणाली, "केंड्रा, विचार कर हं." केंड्रा म्हणाली, "केला." मेरिलला फेरेलने स्वतः उचललं. त्याला कोणी मदत केली नाही आणि त्यानेही मागितली नाही.

असे ते उतरले. कठड्याला मागे मोठं खिंडार पडलं होतं.

"पण आता कोण कुठे ते कळणार कसं?" खडीपाशी आल्यावर हॉबर्टने विचारलं. "सगळं सपाट करून ठेवलंय."

"नावं कशाला घेतो आपण दरवर्षी?" आत्या पॉप्लरला पाठ लावून उभी राहिली. "झाडापासून सुरू कर, ट्विला. क्रमाने. जिथे नाव, तिथे पोर."

ट्विलाने पहिलं पाऊल टाकलं. नावं तिच्या तोंडून आपोआप आली. ज्या ओळीत ती आजीने म्हटली होती, आत्याने म्हटली होती, त्याच ओळीत. एकेका नावाला एकेक जण पुढे येत होता, फावड्याने खडी बाजूला ओढत होता, खालची काळी माती दिसली की दगड उभा करत होता. ओपल जीन पाचवी. मेरिल शेवटचा. फेरेल गुडघ्यांवर बसून हातांनी माती दाबत राहिला, नंतरही बराच वेळ.

"ट्विला," तो खालूनच म्हणाला, "झालं ना आता?"

"दगड झाले," ट्विला म्हणाली. "तुझं माझं अजून काहीच झालेलं नाही."

रांग उभी राहिली तशी ट्रेलची वाट निम्म्याहून जास्त अडली. उरलेल्या जागेत केंड्राने पांढरीशुभ्र चादर झटकून अंथरली.

"ती कॅबिनची चादर आहे," विल्डा म्हणाली.

"धुते मीच," केंड्रा म्हणाली आणि चादरीच्या मधोमध कोंबडीचं भांडं ठेवलं. मग कॉर्नब्रेड आला, भरलेली अंडी आली, घेवडा आला. बऱ्याच वेळाने, कोणाकडे न बघता, पुडिंगही आलं.

वरून उतरणाऱ्या गाड्या एकामागे एक थांबत गेल्या. हेल्मेटवाली मुलगी सगळ्यांत पुढे होती. तिने आपलं इंजिन बंद केलं आणि मागच्यांनाही हाताने खूण केली. गर्दीतून वाट काढत प्रुएट पोचला, हातावर अजून ते नारिंगी जाकीट. नवे बूट धुळीने भरले होते.

ट्विलाने वाटेच्या अगदी मध्यभागी खुर्ची उघडून ठेवली होती. आत्याने खुर्चीकडे पाहिलं, मग ट्विलाकडे, आणि ती त्या खुर्चीत टेकून बसली. ओपल जीन तिच्या पायांशी होती. रिकामा टब तिने मांडीवर घेतला.

"आजीबाई," प्रुएट घाम पुसत म्हणाला, "मागे गाड्यांची रांग लागलीय. तुम्ही इथे किती वेळ बसणार आहात, तेवढं तरी सांगा."

आत्याने पोरांच्या रांगेपलीकडे, कुंपणाच्या आत, व्हर्लिनच्या शिळेकडे बोट केलं. शिळेवर त्याच्या नावाखाली तिचंही नाव कोरलेलं होतं. पुढची तारीख तेवढी रिकामी होती.

"मला कुठे जायचंय?" ती म्हणाली. "तुम्ही आधी जेवून घ्या."